मीठ शेवटी

पाण्याच्या टबात, पस्तीस अंशांवर
चार बाटल्या बसल्यात
पंगतीत ताट यायची वाट बघणाऱ्या पोरांसारख्या.
पोटात गाळ. सोहारच्या घराघरांतला,
हॉटेलांतला, बंदरावरच्या आठ-आठ जणांच्या खोल्यांतला,
सगळा एका रंगाचा झालेला.

पहिलीत वरून काही घातलेलं नाही.
दुसरीत पॉलिमर, आम्ही प्लांटवर रोज ओततो तेच,
कणाला कण चिकटावा, पाणी सुटावं म्हणून.
तिसरीत ॲल्युमिनियमचं औषध,
आपल्या तुरटीचा कारखान्यात वाढलेला चुलतभाऊ.
चौथीत लोखंड. ती काळीठिक्कर पडली
आणि सडक्या अंड्याचा वास तेवढा गिळून बसली.

लहानपणी गढूळ कळशीत आई तुरटी फिरवायची,
सकाळी वरचं पाणी नितळ.
तळाशी बसलं त्याचं पुढे काय होतं
हे घरात कुणी विचारलं नाही.
मला विचारायला समुद्र ओलांडावा लागला.

बाटलीतून नळी, नळीवर उपडं नळकांडं.
वायू चढतो तेवढं पाणी उतरतं.
दर दोन तासांनी मी रेघ वाचतो.
लिजो म्हणतो, भाई, बुडबुडे मोजायचा पगार घेतोस.

सुरुवात मात्र मशालीपासून झाली.
मोठ्या टाकीवरचा जास्तीचा वायू जिथे जळतो
ती ज्योत पंधरा दिवसांत करंगळीएवढी झाली.
आणि त्याच पंधरा दिवसांत
मुबारक अल-मामरी साहेब खूश:
गाळाचा केक एकदम कोरडा,
झरगुलच्या ट्रकमधून रस्त्यावर थेंब नाही.
(मुलीला फोनवर सांगितलं, इथे रोज केक.
ती म्हणाली, कुठला? म्हटलं, काळा.)

पाचव्या रात्री पहिलीचं नळकांडं निम्मं उतरलं.
तिसरी अडखळत होती.
दुसरी गप्पच.
थेंबभर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला:
गाळाची घट्ट गाठोडी,
कुणी लग्नाचा आहेर बांधावा तशी,
आणि बाहेर उपाशी जिवाणू,
अन्न समोर, गाठ काही सुटत नाही.

खोलीवर आंबोळीचं पीठ भिजवलं होतं.
इथल्या पहिल्या जूनमध्ये ते चार तासांत
पातेल्याबाहेर पळालं होतं,
तेव्हा सुमेधानं फोनवरून सांगितलेलं,
मीठ आधीच घाला, जरा दम धरेल.
आता जानेवारी. तेच केलं, सवयीनं,
तर सकाळी पीठ होतं तिथेच.
ती हसली. अहो, थंडीत मीठ शेवटी.
आधी त्याला आंबू तर द्या.

फोन हातात धरून मी तसाच उभा.

अहवालात मी आंबोळी लिहिली नाही.
लिहिलं: पॉलिमर टाकीच्या आधी कमी, टाकीनंतर पुरेसा.
मुबारक साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
आधी कमी घातला तर गाळ पातळ राहील,
टाकी पाण्यानंच भरेल, मग तुझे जिवाणू
खायचे कधी, वाहूनच जातील?
बरोबर होतं त्यांचं.
तासभर घासाघीस, दोन कप कावा, तीन खजूर.
शेवटी आधीचा डोस निम्मा, एक महिना, बघू.

आज एकोणिसावी रात्र.
बाटल्या धुवायला घेणार होतो.
दुसरीच्या नळीत काहीतरी हललं.
मी श्वास रोखून बघत राहिलो.
एक बुडबुडा.
बऱ्याच वेळानं आणखी एक.
गाठ सैल झाली असेल,
किंवा भुकेनं त्यांनी दोरीच खायला घेतली असेल,
दोरीतून काय निघतं ते मला अजून माहीत नाही.

वहीत वेळ टाकली: दोन वाजून चाळीस.
खिडकीबाहेर मशाल
करंगळीहून मोठी, अंगठ्याहून लहान.
लिजोला उठवलं नाही.
टबात थोडं पाणी घातलं
आणि स्टूल ओढून बसलो.